अस्थी आणि अक्षर

जबलपूरच्या तिलवारा घाटावर ज्याने चार संध्याकाळी काढल्या आहेत त्यास नर्मदेचा एक व्यवहार ठाऊक असतो. माणसे फडक्यात बांधलेल्या अस्थी घेऊन येतात, त्या प्रवाहात सोडतात, आणि परतताना पुष्कळदा पात्रातील एखादा गुळगुळीत गोटा उचलून देव्हाऱ्यासाठी घरी नेतात. नर्मदेचा प्रत्येक कंकर शंकर आहे अशी इकडची श्रद्धा. देह नदीला द्यावयाचा आणि देव नदीकडून घ्यावयाचा, असा हा सौदा आहे. १९४८ साली महात्मा गांधींच्या अस्थींचा एक अंश याच घाटावर विसर्जित झाला. ज्यांच्या अस्थी मंदिर बांधून जपाव्यात असे कोट्यवधी लोकांना वाटले असते, त्यांच्याही अस्थी आपण देशातील नद्यांना वाटून दिल्या. मृताच्या हाडांचा संग्रह करू नये, हा संस्कार आपल्या अंगात इतका मुरलेला आहे.

या संस्कारात वाढलेल्या आमच्यासारख्या वाचकाच्या हाती, कचेरीतून परतताना एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात, एक इंग्रजी भाषांतर पडले. इंग्लंडातील अँग्लो-सॅक्सन काळातील संत कथबर्ट याचे बीड नावाच्या मठवासी पंडिताने लॅटिन भाषेत लिहिलेले चरित्र त्यात होते. (आमच्या मराठवाड्यातील बीडशी या नावाचा काही संबंध नाही.) संताची शवपेटी जमिनीतून वर काढणे, त्याच्या देहास नवी वस्त्रे नेसविणे, त्याच्या पायांतील जोड्याने पांगळा बरा होणे, या गोष्टी प्रथम वाचताना आम्हांस परक्या वाटल्या. मग आळंदीहून पंढरीस ज्ञानदेवांच्या पादुका पालखीतून जातात हे आठवले, आणि जोड्याची कथा तितकी परकी राहिली नाही. पुढे पुढे तर असे दिसू लागले की, अस्थिपूजेच्या या कथा आपल्या संतचरित्रांच्या शेजारी ठेवून वाचल्या तर दोन्हींवर प्रकाश पडतो. या लेखात तसे वाचन करण्याचा विचार आहे. श्रद्धा खरी की खोटी या वादात आम्हांस शिरावयाचे नाही. संताच्या देहाविषयीची कथा कशी रचली जाते आणि ती पुढे कोणाच्या कामी येते, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रथम कथबर्टची हकीकत थोडक्यात सांगितली पाहिजे. सातव्या शतकात नॉर्थंब्रियाच्या राज्यात होऊन गेलेला हा साधू. लिंडिसफार्न नावाच्या बेटावरील मठाचा तो काही काळ व्यवस्थापक होता. पुढे एकांतासाठी जवळच्या फार्न बेटावर जाऊन राहिला. ६८५ साली त्यास आग्रहाने बिशप केले गेले, आणि ६८७ च्या मार्च महिन्यात पुन्हा त्याच एकाकी बेटावर त्याने देह ठेवला. बीडने रंगविलेला मरणप्रसंग या चरित्राचा सर्वांत उत्तम भाग आहे असे आमचे मत आहे. मरणोन्मुख साधू आपल्या शिष्यांस सांगतो की मला येथेच पुरा. मला मठात नेलेत तर माझ्या थडग्याच्या आश्रयास नाना तऱ्हेचे अपराधी व पळपुटे येतील, आणि त्यांच्यासाठी मध्यस्थी करता करता तुमची शांती नाहीशी होईल. शिष्य ऐकत नाहीत, तेव्हा तो नाइलाजाने संमती देतो. त्याच वेळी तो आणखी एक गोष्ट सांगून ठेवतो. अधर्मापुढे मान तुकविण्याची वेळ आली तर माझ्या अस्थी थडग्यातून काढून बरोबर घ्या आणि हा मुलूख सोडून जा.

लेखक म्हणून बीडचे कौशल्य येथे दिसते. पुढे शेकडो वर्षे ज्या अस्थींची पूजा व्हावयाची होती त्यांच्याबद्दलचा पहिला संशय त्याने स्वतः संताच्याच मुखातून वदविला आहे. आपल्या मागे आपल्या हाडांचे काय होईल याची काळजी त्या हाडांच्या मालकालाच वाटत होती. भक्तीच्या भरात असा मजकूर गाळून टाकणे सोपे होते. बीडने तो ठेवला.

त्यानंतर अकरा वर्षांनी, ६९८ साली, मठवासीयांनी थडगे उघडले. देहाची माती होऊन कोरडी हाडे उरली असतील, ती हलक्या पेटीत घालून जमिनीच्या वर पूजेसाठी ठेवावीत, असा त्यांचा बेत होता. पाहतात तो देह अखंड, सांधे लवचिक, वस्त्रे ताजी. मृत नव्हे, निद्रिस्त माणूस. घाबरून ते ईडबर्ट नामक बिशपाकडे धावले. तो उपवासाच्या पर्वात एकांतात होता. त्याने देहावरून काढलेल्या वस्त्रांचे आदराने चुंबन घेतले आणि नवी वस्त्रे घालून देह पेटीत ठेवावयास सांगितले. थोड्याच दिवसांत तोही वारला, आणि संताच्या रिकाम्या झालेल्या थडग्यात, पेटीच्या खाली, त्यास पुरण्यात आले.

ही कथा चमत्काराची आहे, पण सांगण्याची तऱ्हा मात्र एखाद्या दक्ष अधिकाऱ्याच्या टिपणासारखी आहे. प्रस्तावनेत बीड सांगतो की, मी माहिती प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून मिळविली, मसुदा कथबर्टजवळ राहिलेल्या हेरेफ्रिथ व इतरांस दाखविला, दुरुस्त केला, आणि नंतर लिंडिसफार्नच्या वडीलधाऱ्या मंडळींसमोर दोन दिवस तो वाचून तपासला गेला. कचेरीत ज्यांचा जन्म मसुदे फिरविण्यात जातो त्या आम्हांस ही पद्धत फार ओळखीची वाटली. आपले महिपतिबुवा 'भक्तविजया'त आपण पदरचे काही लिहीत नाही असे वारंवार बजावतात, पण त्यांचे साक्षीदार नाभाजी आणि उद्धवचिद्घन, म्हणजे आधीचे संतचरित्रकार होत. संतांच्या काळापासून ते कित्येक शतके दूर होते, त्यामुळे त्यांस दुसरा उपाय नव्हता. बीड माणसांना विचारतो, महिपती ग्रंथांना विचारतात. एकाच्या लेखनात त्यामुळे जागा, दिवस, नावे यांची खरखर आहे. दुसऱ्याच्या लेखनात कीर्तनाचा ओघ आहे. दोन्हींचे गुण वेगळे आहेत, आणि एकाच्या मापाने दुसऱ्यास मोजणे हा टीकेचा आळस होय.

आता मराठीकडे वळू. संताच्या अस्थी शोधून, वाहून आणून, त्यांची प्रतिष्ठापना करण्याची एक कथा आपल्याकडेही आहे, आणि ती चोखोबांची आहे. मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर चोखामेळा इतर महार मजुरांबरोबर वेठीला होते. भिंत कोसळली व सारे त्याखाली गाडले गेले. परंपरा हे साल शके १२६०, म्हणजे सन १३३८, असे देते. पुढे विठ्ठलाच्या सांगण्यावरून नामदेव मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे एकत्र झालेली होती. नामदेवांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला ती चोखोबांची म्हणून वेगळी केली. त्या अस्थी त्यांनी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली.

या दोन कथा शेजारी ठेवल्या की पहिला भेद तत्काळ ध्यानात येतो. कथबर्टच्या देहाची साक्ष डोळ्यांसाठी आहे. मांस ताजे आहे, सांधे वळतात, वस्त्राचा रंग उडालेला नाही. जे नाशिवंत ते नासले नाही, म्हणून तो संत. चोखोबांच्या कथेत देह पूर्णपणे नासला आहे. हाडांवर कसलेही चिन्ह नाही, तेज नाही, सुगंध नाही. मजुराचे हाड आणि संताचे हाड डोळ्यांना सारखेच दिसते. ओळख पटते ती कानाला. हाडात जे मुरले होते ते नाम टिकले, आणि त्या नामाने हाडाला नाव दिले. आपल्या भाषेत 'अक्षर' या एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत, न झरणारे आणि लिहिण्याबोलण्याचा वर्ण. अँग्लो-सॅक्सन कथेत देह अक्षर ठरला आहे आणि मराठी कथेत अक्षरच अस्थीत उतरले आहे. कथेची रचना म्हणून चोखोबांची कथा आम्हांस अधिक खोल वाटते, हे सांगण्यास संकोच नाही.

पण एवढ्यावर समाधान मानून थांबलो तर आम्ही टीकाकार नव्हे, भाट ठरू. या कथेत एक मौन आहे. त्या भिंतीखाली जे इतर मजूर मेले त्यांची हाडे नामदेवांच्या कानाशी आली, त्यांतून काही ऐकू आले नाही, आणि ती तेथेच राहिली. ते कोण होते, वेठीवर त्यांना कोणी नेले, भिंत का कोसळली, हे कथा विचारीत नाही. दुसरी गोष्ट याहून बोचणारी आहे. अस्थी कोठे आणल्या? महाद्वारासमोर; आत नव्हे. जिवंतपणी ज्या उंबरठ्याच्या आत त्या माणसास प्रवेश नव्हता, त्या उंबरठ्याच्या बाहेरच त्याच्या हाडांस मान मिळाला. पुढे साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून उपोषण केले आणि दहा दिवसांनी पंढरीचे मंदिर अस्पृश्यांस खुले करण्याचे ठरले. अस्थी दारापर्यंत येणे आणि त्या अस्थींचे वारस दाराच्या आत जाणे, या दोहोंत सहा शतकांचे अंतर पडले. अस्थींची पूजा ही न्यायाच्या ऐवजी देऊ केलेली वस्तू होऊ शकते, असा याचा अर्थ आहे. वारकऱ्याचा हात त्या समाधीला लागतो तेव्हा त्यातील भक्ती खोटी नसते. पण खरी भक्तीही कुंपणाला टेकू देऊ शकते.

असे कुंपण केवळ आमच्याकडेच पडले असे मात्र नाही. नवव्या शतकात नॉर्स लोकांच्या स्वाऱ्यांमुळे लिंडिसफार्नच्या मठवासीयांनी बेट सोडले, तेव्हा कथबर्टच्या शब्दाप्रमाणे त्याची पेटी त्यांनी बरोबर घेतली. फिरत फिरत ते प्रथम चेस्टर-ल-स्ट्रीट येथे आणि ९९५ साली डरहम येथे स्थिरावले. डरहमला पुढे जे भव्य प्रार्थनामंदिर उभे राहिले त्याच्या पश्चिम टोकाकडे फरशीत काळ्या संगमरवराची एक रेघ आहे. या रेघेच्या पुढे स्त्रियांनी यावयाचे नाही, असा मध्ययुगात दंडक होता. कारण काय, तर संतास स्त्रियांचा तिटकारा होता म्हणून. बाराव्या शतकाच्या आरंभीचा सिमिअन हा डरहमचा इतिहासकार या तिटकाऱ्याच्या कथा मोठ्या उत्साहाने सांगतो.

बीडच्या ग्रंथात मात्र निराळाच कथबर्ट भेटतो. राजाची बहीण व मठाधिकारिणी एल्फ्लेड हिला भेटावयास तो समुद्र ओलांडून दुसऱ्या बेटावर जातो आणि तिच्या प्रश्नांस उत्तरे देतो. वेर्का नावाच्या दुसऱ्या मठाधिकारिणीने दिलेले वस्त्र तो जिवंतपणी अंगावर घेत नाही, पण तिच्यावरील स्नेहामुळे ते आपल्या कफनासाठी राखून ठेवतो. म्हणजे ज्या देहाच्या नावाने स्त्रियांस रेघेबाहेर ठेवले, तो देह एका स्त्रीने दिलेल्या वस्त्रातच गुंडाळलेला होता! डरहमच्या रखवालदारांनी संताच्या हाडांवर ताबा मिळविला. ग्रंथावर तो मिळविणे त्यांना जमले नाही. हाडे स्वतः काही बोलत नाहीत, म्हणून त्यांच्या तोंडी रखवालदारास हवे ते घालता येते. ग्रंथाच्या तोंडी शब्द घालणे इतके सोपे नाही. पंढरपुरातही हेच आहे. महाद्वारासमोरची समाधी शांत असते, पण चोखोबांचे अभंग शांत नाहीत. विटाळ कोणाला नाही, त्याचे मूळ कोठे आहे, असे ते सरळ विचारतात. ज्याची समाधी दाराबाहेर ठेवता आली त्याचा प्रश्न दाराबाहेर ठेवता आला नाही. संताचा शब्द हा संताच्या अस्थिरक्षकांवरचा अंकुश आहे, हे या तुलनेतून आम्हांस मिळालेले पहिले फळ.

तिसरी उघडलेली समाधी आळंदीची. परंपरा सांगते की, ज्ञानदेव एकनाथांच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीस गेले, समाधीत उतरले, आसनस्थ तेजस्वी मूर्ती पाहिली व मुळी दूर केली. येथवर ही कथा ६९८ च्या लिंडिसफार्नच्या कथेची सख्खी बहीण शोभेल: बंद स्थान, शंका, उघडणे, अखंड देह. पण यापुढे काय होते ते पाहावे. नाथ ना वस्त्र आणतात, ना अवशेष, ना मोठे देऊळ उभारण्याच्या खटपटीस लागतात. ते शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी पुरी करतात आणि यापुढे कोणी तीत आपली भर घालू नये अशी ताकीद देऊन ठेवतात. कंठाला वेढलेली मुळी आणि पाठात शिरलेली अशुद्धे, हे एकाच गोष्टीचे दोन आकार आहेत असे आम्हांस वाटते. गुरूचा कंठ मोकळा करणे याचा अर्थ त्याची ओवी मोकळी करणे. आमच्या कचेरीत मूळ दस्तऐवज कपाटात कुलपाखाली असतो आणि जगातील सारी कामे त्याच्या साक्षांकित प्रतीवर चालतात. नाथांनी आळंदीहून आणली ती अशी साक्षांकित प्रत होय.

पाण्याच्या कसोटीची कथाही दोन्हीकडे आहे. सिमिअन सांगतो की, पेटी घेऊन आयर्लंडास जाण्यासाठी निघालेल्या कथबर्टच्या अनुयायांचे जहाज वादळात सापडले, सोन्यारत्नांनी मढविलेला शुभवर्तमानाचा ग्रंथ समुद्रात पडला, आणि पुढे मोठ्या ओहोटीच्या वेळी तो वाळूवर बिनडाग सापडला. इंद्रायणीतून तेरा दिवसांनी कोरड्या वर आलेल्या तुकोबांच्या वह्या कोणास आठवणार नाहीत? तुकोबांच्या बाबतीत तर आपल्या परंपरेने देह मागे ठेवलाच नाही. ते सदेह गेले, वह्या राहिल्या.

या साऱ्यावरून मराठी माणसास देहपूजेचे आकर्षण नाही असे मात्र कोणी समजू नये. समुद्राकाठी, गोव्यात, त्याचे फार मोठे उदाहरण आहे. फ्रान्सिस झेविअर १५५२ साली चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारला. त्याचा देह न नासता राहिला अशी श्रद्धा बसली आणि १५५४ साली तो गोव्यात आणला गेला. १६१४ मध्ये उजवा हात तोडून रोमला पाठविण्यात आला. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकातील चांदीची पेटी आता साधारणपणे दर दहा वर्षांनी खाली आणली जाते. २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत असा शवप्रदर्शन सोहळा झाला. 'गोंयचो सायब' म्हणून त्याला नमस्कार करणाऱ्यांत हिंदूही असतात. त्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण इतिहासातील एक जोडी अशी आहे की ती आमच्या विषयासाठी मुद्दाम घडविल्यासारखी वाटते.

१६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेट घेतले आणि गोवा शहर हातचे जाते की काय अशी वेळ आली. तेव्हा व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने संताची पेटी उघडवून आपला अधिकारदंड त्याच्या देहाजवळ ठेवला आणि राज्य त्याच्या स्वाधीन केले. मोगलांची फौज जवळ येऊ लागल्याने मराठे परतले, आणि श्रेय संतास मिळाले. त्याच व्हाइसरॉयने पुढच्याच वर्षी, १६८४ च्या जून महिन्यात, फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी आपली बोली सोडावी आणि तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. मृताच्या हाती राजदंड देणारा माणूस जिवंतांच्या तोंडची भाषा काढून घेतो! याच भूमीत १६१६ साली फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठीचे गुण गाऊन तीत रचलेले क्रिस्तपुराण प्रसिद्ध केले होते. अस्थींवर श्रद्धा आणि भाषेवर प्रेम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकीवरून दुसरी गृहीत धरता येत नाही, हे या दोन सालांनी शिकविले.

आता आमच्या दाराशी येऊ. हा लेख ज्या मासिकात येत आहे त्याचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच महाराष्ट्राबाहेर घर करून राहिलेले आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एका प्रांतात होती. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही न हलताच परमुलखातले झालो. म्हणून कथबर्टच्या पेटीमागे चालणारी ती मंडळी आम्हांस जवळची वाटतात. शंभरांहून अधिक वर्षे त्यांना स्वतःचे बेट नव्हते. पेटी हेच त्यांचे बेट होते. ती नसती तर ती माणसे वाटेतील गावांत विरून गेली असती. तेव्हा अस्थींचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे: त्या माणसांना एकत्र ठेवतात.

परंतु एकत्र राहून त्यांनी काय केले? चेस्टर-ल-स्ट्रीटच्या मुक्कामी, दहाव्या शतकात, आल्ड्रेड नावाच्या त्यांच्यातील एका धर्मोपदेशकाने लिंडिसफार्नहून आणलेला शुभवर्तमानाचा जुना, देखणा लॅटिन ग्रंथ पुढे घेतला आणि ओळींच्या मधल्या जागेत, प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर, बारीक अक्षरांत आपल्या बोलीतील प्रतिशब्द लिहिला. शेवटी त्याने ग्रंथ लिहिणाऱ्या, बांधणाऱ्या आणि मढविणाऱ्यांची नावे नोंदविली आणि स्वतःस दीन म्हणवून आपलेही नाव त्यांच्या पंक्तीस बसविले. इंग्रजी भाषेतील शुभवर्तमानाचे सर्वांत जुने उपलब्ध भाषांतर ते हेच. त्याआधी बीडही ७३५ साली मरणशय्येवर योहानाचे शुभवर्तमान इंग्रजीत उतरवीत होता. ते काम काळाने नेले. आणि योगायोग असा की, ११०४ साली कथबर्टची पेटी पुन्हा उघडली तेव्हा देहाजवळ सापडले ते तळहाताएवढे, लॅटिन योहानाचेच पुस्तक. २०१२ साली ब्रिटिश लायब्ररीने ते ९० लाख पौंडांस घेतले. आल्ड्रेडच्या हातचा ग्रंथही तेथेच आहे. देहाचे म्हणाल तर १८२७ साली थडगे खणले तेव्हा त्यात केवळ सांगाडा होता.

आमच्या शहरातील एका मराठी ग्रंथसंग्रहात, त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही, काचेच्या कपाटात ज्ञानेश्वरीची एक जुनी प्रत आहे. वर्षातून एकदा तिला हार घालतात, उदबत्ती लावतात, नमस्कार करतात. आम्ही ती वाचावयास मागितली, तेव्हा ती देण्याची नाही, पूजेची आहे, असे उत्तर मिळाले. उत्तर देणारे काका सत्तरीच्या पुढचे, अत्यंत निष्ठावंत आणि स्वतः पदरमोड करून तो संग्रह चालविणारे आहेत. त्यांच्यावर राग धरणे अन्याय होईल. पण त्या वेळी आम्हांस वाटले की ज्ञानदेवांच्या कंठाला पुन्हा एक मुळी लागली आहे आणि ती भक्तीची आहे. परमुलखातील आमची मराठी अशीच पेटीत राहील काय? वर्षातून एकदा तिचे दर्शन, नवी वस्त्रे, भाषणे, मग झाकण. देह नासलेला नाही म्हणून आनंद मानावयाचा, आणि तो बोलत का नाही हे विचारावयाचे नाही.

उलट दाखलाही आपल्यातच आहे. मुंबईस दादरच्या चैत्यभूमीत डॉ. आंबेडकरांच्या अस्थी आहेत. दर ६ डिसेंबरला तेथे लाखो माणसे येतात. दर्शनाची रांग जितकी लांब तितकीच पुस्तकांच्या दुकानांवरची गर्दी दाट. खेड्यापाड्यांतून आलेली, तिकिटाला जेमतेम पैसे जमविलेली माणसे परत जाताना पिशवीतून पुस्तक नेतात. नागपुरास दीक्षाभूमीवरही हेच दिसते. अस्थी माणसांना बोलावतात आणि अक्षर त्यांना घरी पोचविते. ज्यांच्या पूर्वजांची हाडे मंगळवेढ्याच्या ढिगाऱ्यात निनावी राहिली त्यांनी अस्थिपूजेला हा अर्थ द्यावा, यात एक न्याय आहे. डरहमला आणि गोव्याला जो मेळ बसला नाही तो येथे बसला आहे, आणि मराठी टीकेने याची नोंद घेतली पाहिजे.

त्या काकांच्या उत्तरानंतर आम्ही ज्ञानेश्वरीची एक स्वस्त प्रत विकत आणली. आमची मुलगी येथल्या हिंदी शाळेत शिकते. घरी मराठी बोलते, पण ओवी तिला परकी लागते. रात्री जेवणे झाल्यावर रोज चारपाच ओव्या घेतो. जो शब्द ती अडते त्याच्या वर, ओळींच्या मधल्या जागेत, पेन्सिलीने तिला समजेल तो शब्द लिहितो. कधी तो आजचा मराठी असतो, कधी चक्क हिंदी. ग्रंथ खराब करता म्हणून घरातून बोलणी बसतात. आल्ड्रेडलाही कोणी तसे म्हणाले असेल. पहिला अध्याय अर्धा झाला आहे.